पिकअपमधली गादी

१० मार्च

माझ्या लांबच्या लेकी,

आशीर्वाद आधी घे, मग बाकीचं वाच. तुझं असं असतं, पाकीट फोडलं की पहिली शेवटची ओळ बघायची, कोण आजारी आहे का ते. कुणी नाही. मी ठणठणीत, तुझी लेक ठणठणीत, मांजर तेवढं लंगडतंय, पण ते सोंग आहे. दूध दिसलं की चारही पाय चालतात.

फोनवर आपण दोघी आधी रडतो नि मग भांडतो, त्यापेक्षा हे बरं. कागदावर कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, जोडाक्षर आलं की मी अजून दम खाते, तेव्हा चुकलंमाकलं गोड मानून घे.

तुझ्या लेकीचं, भिंगरीचं, काम जोरात आहे. तू तिच्याशी बोलत नाहीस नि ती तुझ्याशी, म्हणून सगळं मीच सांगते. पुढच्या खोलीत शिलाई मशिनांची अशी दाटी झालीय की मी स्वयंपाकघरात तिरकी होऊन शिरते. टेलर लोक मशिन आणून आदळतात नि म्हणतात, "ताई, टाका सुटतोय." ही आपली चाकाची खुर्ची टेबलाला भिडवते, मशिन आडवं पाडते, त्याच्या पोटात बॅटरी मारते नि सांगते, "ह्याला काही झालेलं नाही. मालकाला झालंय. तेल कोण घालणार?" टेलर हसतो नि मुकाट्यानं तेलाची बाटली घेऊन जातो. पण कपड्यांच्या कारखान्यातली मशिनं जड, ती काही इथे येत नाहीत. तिलाच तिथे जायला हवं. टॅक्सीवाले लांबून खुर्ची बघतात नि न थांबता पुढे जातात. मी एकदा एकाच्या मागे चप्पल घेऊन धावले होते. ते असो.

एक सहज सांगते, घाबरू नकोस. अंगणातल्या पिकअपवरची ताडपत्री काढलीय. खाली उंदीर झाले होते. एक मिस्त्री येतो, गाडी पुसतो, बॅटरी बघतो. तुझे बाबा गेले तेव्हापासून ती उभीच होती, गंजून जायची. शिवाय त्यांनी ती तुझ्या नावावर केलेली, म्हणजे नुकसान तुझंच. एवढंच. दुसरं काही नाही.

मागे येऊन गेलीस तेव्हा तू माझ्याकडून शब्द घेतला होतास, पोरीला कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगमागे बसू देऊ नकोस. मी विसरलेले नाही.

तुझी आई

ता.क. बाबांची सीट पुढेमागे करायचा खटका कुठे होता गं? सहज विचारतेय.


२ एप्रिल

लेकी,

'खटका खाली डाव्या बाजूला. पण आई, तू का विचारतेस?' एवढंच तुझं पत्र. वाचून मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तर सांगते. गाडी भिंगरी चालवणार आहे. मी तिला अडवलं होतं, खोटं नाही बोलत, सकाळी अडवलं नि संध्याकाळी मिस्त्रीला चहा दिला. तिचं तोंड बघायला हवं होतंस तू. अपघातापासून ते तोंड मी बघितलं नव्हतं. लहानपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरत यायची, तेच.

तुझ्या बाबांचा डावा गुडघा गेला तेव्हा त्यांनी ही बिनक्लचची गाडी घेतली. आपण हसलो होतो, म्हातारपणी थेर म्हणून. आता तेच कामाला आलं. मिस्त्री म्हणतो क्लच असता तर फार उपद्व्याप झाला असता. मिस्त्री म्हणजे तरुणच आहे, पण दाढी बोकडासारखी नि नट-बोल्टशी गप्पा मारतो. "चल बाबा, ऊठ, किती झोपशील," असं गंजलेल्या बोल्टला म्हणताना मी कानांनी ऐकलं.

त्यानं स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी बसवलीय, ती खाली ब्रेकला नि ॲक्सिलरेटरला जोडलेली. पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की गाडी पळते. भिंगरी म्हणाली, "उलटं करा. घाबरलं की माणूस स्वतःकडे ओढतो. मी घाबरले की गाडी थांबायला हवी."

मिस्त्री उठला. एक फळी घेतली नि गाडीच्या बॉनेटवर धाडकन हाणली. मी किंचाळले, मांजर पळालं (चारही पायांवर), नि भिंगरीचे दोन्ही हात सरळ पुढे गेले.

"कुठे गेले हात, बाईसाहेब?"

"पुढे," ती म्हणाली. मग दोघं हसत सुटले. माझं काळीज अजून धडधडतंय, पण दांडी होती तशीच राहिली.

पाय घसरून पेडलखाली जाऊ नयेत म्हणून आडवा पत्रा आहे. अंग एका बाजूला कलू नये म्हणून छातीशी रुंद पट्टा. स्टिअरिंगवर दाराच्या मुठीसारखी एक मूठ, म्हणजे एका हातानं ते फिरवता येतं. गाडी उंच, म्हणून दाराबाहेर एक पाट, मोटरवर वरखाली होणारा. खुर्चीवरून पाटावर, पाट वर, पाटावरून सीटवर. नि खुर्चीला मागे हौद्यात ठेवायला छोटी क्रेन. पहिल्यांदा खुर्ची वर गेली तेव्हा विहिरीतून बादली निघावी तशी गिरक्या घेत होती.

आता खरं बोलते. एवढं सगळं बसवलेली गाडी सरकारी तपासणीला न्यावी लागते, नि त्या कागदावर मालकाची सही लागते. म्हणजे तुझी. तू दिली नाहीस तरी मी रागावणार नाही. (रागावेन.)

ती दुचाकी तू तिला वाढदिवसाला घेऊन दिली होतीस, म्हणून तुला आता कुठलंच चाक नको वाटतं, हे मला कळतं. पण लेकी, ते तू केलं नाहीस. वळणावर सांडलेल्या वाळूनं केलं.

तुझी शब्द मोडलेली आई


२१ एप्रिल

लेकी,

सही आली नाही. ठीक. तू नाही म्हणालीस, पण निदान पानभर म्हणालीस. मागे एका ओळीत उरकायचीस.

मी आज गाडीत बसले! बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, तिथे चिटपाखरू नसतं. चौकीदार मिस्त्रीच्या ओळखीचा. शिकाऊ परवाना तिनं कधीच काढलाय, हे मी तुला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. रोज मिस्त्री शेजारी बसतो, आज तो खाली उतरला नि म्हणाला, "आजी, बसा तुम्ही. मलाही जरा हवा खाऊ दे."

मी पट्टा लावला, वरचं कडं धरलं, डोळे मिटले नि ओरडले, "पोरी, हळू! हळू गं!"

"आज्जी, आपण उभ्या आहोत."

मग मात्र गेलो. गोदामाला वळसा, पाण्याच्या टाकीला वळसा, परत. तिचा एक हात दांडीवर, एक मुठीवर, मान ताठ, नि गालातल्या गालात हसू. आरशात बघायची, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, मी कुठे जात नाही." लेकी, मला एवढा आनंद झाला की मी उतरल्यावर चौकीदाराला मिठी मारली. तो बिचारा जेवत होता.

नि माझाही ह्यात एक टाका आहे बरं का. तिची ती दवाखान्यातून दिलेली हवेच्या कप्प्यांची गादी, अंड्यांच्या ट्रेसारखी दिसणारी, ती गाडीच्या सीटवर कशी भिकार दिसते. मी सीटला नवं कव्हर शिवलं, निळं, डबल शिलाईचं. ते तिला दाखवलं, खूश झाली. पण आत काय आहे ते सांगितलं नाही, ती माझी गंमत. आत, तिच्या हवेच्या गादीच्या वर, मी कापसाची एक गादी घातलीय. कापूस सरकून गोळा होऊ नये म्हणून जागोजाग बटणं ओवून आवळलीय. बटणं तुझ्या बाबांच्या काळ्या कोटाची. म्हटलं, नातीला आजोबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटेल.

ती बसली नि म्हणाली, "आज रस्ता लांबपर्यंत दिसतोय गं." मी हळूच हसले.

सही पाठव ना.

आई


९ मे

लेकी,

फार लिहीत नाही, डोळे दुखतात.

भिंगरी सध्या पोटावर झोपून असते. बसायच्या जागी जखम झालीय. नर्सबाई येऊन मलमपट्टी करतात. भरून येईल म्हणतात, पण वेळ लागेल, नि तोवर अजिबात बसायचं नाही, ना खुर्चीत ना गाडीत. तपासणीची तारीख ठरवणार होतो, ती राहिली.

गाडीच्या सीटनं झालं असावं म्हणतात.

मशिनं तशीच पडलीत. टेलर येऊन दारातूनच परत जातात.

आई


३० मे

लेकी,

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

तुझं पत्र मिळालं. गाडी विकायची, गिऱ्हाईक तू बघितलंयस, येत्या आठवड्यात तो माणूस येईल, मी फक्त किल्ली द्यायची. 'त्या गाडीनं माझ्या पोरीचं अंग फोडलं' असं तू लिहिलंयस.

गाडीनं नाही. मी फोडलं.

त्या गादीची तुझ्यापुढे फुशारकी मारली होती मी. तुझ्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊन तू मला सांभाळून घेतलंस, ते तुलाच ठाऊक. पोरगी दुपारभर गाडी चालवून आली होती. तिला आंघोळीला मदत करताना मला बसायच्या हाडावर एक लाल गोल दिसला. कोटाच्या बटणाएवढा. बटणाची चार भोकंसुद्धा दिसली असं मला वाटलं. तिला कमरेखाली काही कळत नाही, खुपलं तरी कळत नाही, हे मला का माहीत नव्हतं? रोज तिचे पाय मीच उचलते. तरी मी तिच्याखाली बटणं पेरली.

मी काय केलं असेल असं तुला वाटतं? "जरा लाल झालंय, कुशीवर झोप," असं म्हटलं नि पावडर लावली. मग अंगणात गेले, कव्हर उसवलं, गादी काढली, कव्हर पुन्हा शिवलं. इतका बारीक टाका मी तुझ्या लग्नातही घातला नव्हता. गादी ट्रंकेत घोंगड्यांच्या खाली दडपली. वाटलं, लाल आहे, जाईल. ते गेलं नाही, फुटलं.

नर्सबाईंनी विचारलं, "कशावर बसला होतात?" ती म्हणाली, "सीटवर. माझीच हवेची गादी होती." मी शेजारी भांडं धरून उभी होते. मी म्हणाले, "पाणी कोमट आहे का बघा हो."

मिस्त्रीनं पुरी सीट उपटून अंगणात आणली. तळहातानं एकेक स्प्रिंग चाचपत बसला होता उन्हात. बोल्टशीसुद्धा बोलत नव्हता. "आजी, माझं कुठे चुकलं तेच सापडत नाही," म्हणाला. मी चहा पुढे केला तर नको म्हणाला. परत आलाच नाही. नि मी? मी कप उचलून आत घेऊन आले.

ह्याहून वाईट आहे ते सांगते. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती उशीत तोंड खुपसून पडली होती. म्हणाली, "आईचं बरोबर होतं, आज्जी. माझ्या अंगाला हे झेपत नाही. विकू दे."

मी "बरं" म्हणाले.

लेकी, गादीचं पाप प्रेमानं झालं असं मी मनाला सांगू शकते. ह्या "बरं"ला कुठलं पांघरूण घालू? माझी झाकली मूठ झाकलेली राहावी म्हणून मी त्या पोरीला स्वतःच्या अंगावर बोल लावू दिला.

का गप्प बसले, तर भीतीनं. ती मला तिच्या अंगाला हात लावू देते. तुला देत नव्हती, म्हणून तर ती तुझ्याकडून इकडे निघून आली. मला वाटलं, हे कळलं तर मलाही देणार नाही. मग ह्या घरात मी कोण, मांजराला दूध घालणारी बाई.

गिऱ्हाईकाला थांबव. मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतेय, कारण तू लांब आहेस, मला तुझं तोंड दिसत नाही. ह्यातही माझी चलाखीच आहे बघ.

आशीर्वाद. माझा चालत असेल तर.

आई


१२ जून

लेकी,

सांगितलं.

गादी ट्रंकेतून काढली नि तिच्या तोंडापुढे उशीवर ठेवली.  तिनं बोटं फिरवली. बटण सापडलं. मग दुसरं.

"ही आजोबांच्या कोटाची?"

"हो."

"कव्हरच्या आत होती?"

"हो गं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुला आवडेल असं वाटलं."

"आवडीचं कुठे विचारतेय मी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझं खालचं अंग मला काही सांगत नाही, आज्जी. म्हणून मी बसायच्या आधी प्रत्येक गोष्टीवरून हात फिरवते. तेवढंच माझ्याकडे आहे. तू ती गोष्ट शिवून बंद केलीस. वर त्यानंतर मला म्हणू दिलंस की माझ्याच अंगाला झेपत नाही."

मग म्हणाली, "जा आता."

मी गेले. आता नर्सबाई तिचे पाय उचलतात. मी चहा दारातल्या स्टुलावर ठेवते नि खाकरते. कुरकुर करत नाही. हे माझ्या वाटणीचं आहे.

काल मला हाक मारली. वाटलं, निवळली. तर म्हणाली, "आईनंही असंच केलं होतं. माझं अंथरूण, माझे कपडे, माझं खाणं, सगळं आधीच करून ठेवायची. मला विचारायचं तेवढं राहून जायचं. मी तिच्यावर रागावून तुझ्याकडे आले, नि तू निघालीस तिचीच आई." त्यात जराशी थट्टा होती असं मला वाटलं. की मीच ओढूनताणून काढली, कोण जाणे. पण लेकी, आपण दोघी एकाच कापडाच्या आहोत, हे खरं आहे. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. मला एकटीला वाईट वाटून घ्यायचा कंटाळा आला म्हणून लिहिते.

मिस्त्रीला तिनंच फोन केला. तो आला, गादी हातात घेतली, उलटीसुलटी केली, नि एवढा हसला की मला रडू आलं. "म्हणजे मी स्प्रिंगांना विनाकारण शिव्या घातल्या!" मग गंभीर होऊन म्हणाला, "आजी, ह्यापुढे माझ्या गाडीजवळ नुसत्या डोळ्यांनी यायचं. हात घरी ठेवायचे."

ठेवीन म्हटलं.

गिऱ्हाईक काही आलं नाही. तू थांबवलंस, की त्याला रस्ता सापडला नाही, मी विचारत नाही. तिनं मात्र विचारलं, "आईचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. तिलाच विचार." आजवर असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. तुझं काही तिखट असलं की मी गोड करून सांगायची, नि तिचं तुला. तोही कापूसच होता म्हणायचा.

आई


२६ ऑगस्ट

लेकी,

सही केलेला कागद मागच्या महिन्यात आला. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. मी तो आधी वाचला नाही, पाकीट न फोडता तसंच तिच्या हातात दिलं, तिच्या नावानं होतं ना. तिनं बराच वेळ तो धरून ठेवला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले, म्हणजे मी ऐकत नाहीये असं तिला वाटावं.

जखम भरलीय. नर्सबाईंनी हळूहळू बसायला सांगितलं, आधी थोडा वेळ, मग थोडा जास्त. सीटवर तीच अंड्यांच्या ट्रेसारखी गादी आहे, उघडीवाघडी. मला आता ती सुंदर दिसते.

तपासणीचा साहेब कडक होता, मिशीआडून बोलणारा. गाडीभोवती फिरला, दांडी ढकलून बघितली, पाट वरखाली करायला लावला, पत्रा वाकून बघितला. "पाय कुठे ठेवता?"

"तुम्ही ठेवता तिथेच," भिंगरी म्हणाली. "माझे फक्त रजेवर आहेत."

तो हसला नाही, लेकी. पट्टा लावून शेजारी बसला. गाडी फाटकाबाहेर गेली, चढावर थांबली, पुन्हा निघाली, दिसेनाशी झाली. मिस्त्रीनं माझा हात घट्ट धरला होता. परत आल्यावर साहेब उतरला नि मिस्त्रीला म्हणाला, "ब्रेक चांगले लागतात हो." मिस्त्री मटकन खालीच बसला. पास! गाडीही पास नि तिचा पक्का परवानाही! मी कुणालाही मिठी मारली नाही. हात घरी ठेवले होते.

आज सकाळी तिनं मला मोजे घालायला बोलावलं. जून महिन्यापासून पहिल्यांदा. मी विचारलं, "कुठला पाय आधी?"

"कुठलाही," ती म्हणाली.

मी डावा घेतला.  माफ केलं असं ती म्हणाली नाही, नि मीही विचारलं नाही.

आता नीट वाच. ती उद्या निघतेय, तुझ्याकडे. एकटी. मी येऊ का, असं ओठांपर्यंत आलं होतं, पण तिनं बोलावलं नाही. वाटेत थांबून थांबून हातांवर अंग उचलणार आहे, तसं नर्सबाईंचं सांगणं आहे, म्हणून तिला उशीर होईल. उशीर झाला की अपघातच झाला असं धरून बसू नकोस. हे मी तुला सांगतेय नि मलाही. तुझ्याशी काय बोलायचंय ते मला ठाऊक नाही. ह्या वेळी मला काही माहीत नाही, नि मला ते बरं वाटतंय. पत्र आधी पोचेल की ती, कोण जाणे. ती आधी पोचली असेल तर हे वाचून काही उपयोग नाही, तरी लिहिते.

खाली हॉर्न वाजेल. धावत खाली जा, पण गाडीपाशी गेल्यावर थांब. दार उघडू नकोस. खुर्ची धरू नकोस. आधी क्रेन खुर्चीला खाली उतरवते, खुर्ची हेलकावे खाते, पडेल असं वाटतं, पडत नाही. मग पाट, मग ती. फार वेळ लागतो. तुझे हात आपोआप पुढे जातील. माझे अजून जातात. मी ते पाठीमागे एकमेकांत अडकवून उभी राहते.

तू तुझं काहीतरी शोध.

आई